शेजाऱ्यांच्या झाडाचं सोनं

बाबा, सोमवारी आमच्या प्लांटवर संप सुरू होतोय आणि साहेबानं मला आत जाऊन लाइन चालवायला सांगितलंय. तुम्ही असता तर म्हणाला असतात, यात विचारायचं काय, जायचं! हातातला चहाचा कप खालीसुद्धा न ठेवता म्हणाला असतात. म्हणून तर तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या श्राद्धालाही मी मनातल्या मनात तुमच्याशी कधी एक शब्द बोलले नाही, आणि आज शनिवारची धुणी-भांडी, ग्रोसरी सगळं टाकून, नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीतल्या माझ्या किचनच्या टेबलाशी बसून कागद काळे करतेय. प्रेमानं नाही, हे आधीच सांगते. मला भांडायचंय. जिवंतपणी तुम्ही कधी भांडू दिलं नाहीत. आवाज जरा चढला की 'वाद नको' म्हणायचात आणि पेपर तोंडासमोर धरायचात. आता धरा पेपर.

आमचा प्लांट औषधांचा. पॅकिंगच्या एका अख्ख्या विभागाची मी मॅनेजर आहे. माझ्या हाताखालची माणसं बारा-बारा तास उभी असतात, आणि शिफ्ट संपता संपता वरून निरोप येतो, आज अजून थांबा. नाही म्हणायची सोय नाही, नाही म्हटलं की नावापुढं फुली. लाइनवर एक बाई आहे, माझ्याच वयाची, इथलीच. तिची आई घरी अंथरुणाला खिळलेली. परवा तिनं मला गाठून विचारलं, 'माझी आई ओल्या कपड्यात पडून असते तेव्हा मी इथं बाटल्यांना झाकणं लावत असते, हे तुला ठाऊक आहे ना?' ठाऊक होतं. तिनंच ही युनियन उभी केली, आणि इकडं साउथमध्ये युनियन हा शब्दसुद्धा लोक इकडं तिकडं बघून उच्चारतात. मग शुक्रवारी साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं. 'एक-दोन आठवड्यांचा प्रश्न आहे,' म्हणाला. 'तुम्ही मॅनेजर लोक आत या, मशीन चालू ठेवा. मला खात्री आहे तू येशील. तुमच्या लोकांचं मला हेच आवडतं, तुम्ही लोक कधी त्रास देत नाही.' तुम्ही लोक! मेल्याच्या तोंडून ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही उभे राहिलात, टाय लावून, हात वर करून.

सांगलीहून तुम्ही इथं आलात, मेटलर्जी शिकलात आणि पेनसिल्व्हेनियातल्या त्या नदीकाठच्या गावात स्टील मिलमध्ये इंजिनिअर म्हणून लागलात. गावात आपलं एकच घर भारतीय. रविवारी गाडी काढून तुम्ही मला भट्ट्या दाखवायला न्यायचात, लोक पोरांना देवळात नेतात तसं. 'या नदीकाठी जग घडलं,' म्हणायचात. इथल्या पोलादाचे रूळ, इथल्या पोलादाचे पूल, इथल्या पोलादाची लढाऊ जहाजं, आणि त्या जहाजांच्या जोरावर हा देश साऱ्या जगाचा दादा झाला. दादा हा शब्द माझा. तुम्ही महासत्ता म्हणायचात, आणि म्हणताना छाती अशी पुढं यायची की जणू तुमच्या चुलत्यानंच ती उभारली. आणि हे सगळं केलं कुणी, तर मिलच्या त्या जुन्या मालकानं. एकट्यानं! त्यानं बांधलेली दगडी लायब्ररी गावात होती. दर शनिवारी आपण तिथं जायचो आणि दारातल्या त्याच्या पुतळ्यापुढं तुम्ही चपला काढायचं तेवढं बाकी ठेवायचात. 'केवढं मन बघ,' म्हणायचात, 'गरिबांसाठी एवढी पुस्तकं.' हे मी एकदा आपल्या पलीकडच्या काकांना सांगितलं तर ते हसतच सुटले. काका तुमच्याच मिलमध्ये भट्टीवर होते, त्यांचे वडील त्याच भट्टीवर, स्लोव्हाकियातून आलेले आजोबाही त्याच भट्टीवर. म्हणाले, 'माझा आजोबा रोज बारा तास आगीपुढं उभा असायचा, रविवारीसुद्धा. पुस्तक वाचायचं कधी त्यानं, शवपेटीत?' मी धावत घरी येऊन तुम्हाला हे सांगितलं, मला वाटलं तुम्हालाही गंमत वाटेल. तुम्ही मला स्वयंपाकघरात उभं करून झापलंत. 'खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नाहीत. आपण बरं, आपलं काम बरं.' आई कणीक मळत होती, ती मळतच राहिली.

हे पलीकडचे काका-काकू आपले कोण होते, हे तुम्ही विसरलात तरी मी विसरणार नाही. पहिल्याच थंडीत आपलं हीटिंग बंद पडलं तेव्हा काका न बोलावता तळघरात उतरले आणि काळेमिचकुट्ट होऊन वर आले. काकूंनी आईला गाडी चालवायला शिकवली. साडी पायात येते म्हणून स्वतःची पँट दिली, आणि आई ती घालून तासभर बाथरूममधून बाहेरच येईना. आई चक्क्यासाठी दही फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगायची, ते बघून काकू पहिल्यांदा घाबरल्या, मग श्रीखंडाच्या इतक्या नादी लागल्या की विचारू नका. आणि खंडेनवमी! तुम्ही डायनिंग टेबलावर लाल कापड अंथरून तुमचं पांढरं हेल्मेट आणि हिशेबाची स्लाइडरूल मांडायचात, आई हळदकुंकू आणि झेंडू वाहायची. काकांनी एकदा खिडकीतून बघितलं आणि विचारलं, हे काय? तुम्ही सांगितलंत, ज्याच्यावर पोट भरतं त्या हत्याराची आज पूजा. पुढच्या वर्षापासून काका आपला मोठा पाना आणि भट्टीवरचे जाड हातमोजे घेऊन यायला लागले. गळ्यात क्रॉस, पण हातमोज्यांना कुंकू लावून घ्यायचे आणि म्हणायचे, 'तुझ्या देवीला सांग, उरलेली बोटं शाबूत ठेव.' डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी आधीच मिलला दिली होती. दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं कुठून आणायची? काकांच्या अंगणात रेडबडचं झाड होतं. त्याची पानं बदामाच्या आकाराची, ऑक्टोबरात पिवळीधमक होणारी. तुम्ही म्हणालात, हेच आपलं सोनं. काका स्वतः फांदी वाकवून धरायचे, मी पानं खुडायचे, आणि तीच पानं आपण त्यांनाच द्यायचो, सोनं घ्या म्हणून. दरवर्षी ते खो खो हसायचे.

मग तो संप आला. कंपनीला माणसं कमी करून उरलेल्यांना जास्त राबवायचं होतं, वर पगारही कापायचा होता. भट्टी गार पडू द्यायची नव्हती म्हणून सुपरिंटेंडंटनं तुम्हा इंजिनिअरांना बोलावून विचारलं, कोण कोण आत यायला तयार आहे. विचारलं, बाबा. हुकूम केला नव्हता. हे मला कुणा वैऱ्यानं सांगितलेलं नाही. तुम्हीच पिट्सबर्गच्या मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या पंगतीत दरवर्षी सांगायचात, 'पहिला हात माझा वर गेला!' आणि पंगतीतले काका लोक माना डोलवायचे. खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या कंपनीच्या बसमधून तुम्ही आत जायचात. आमची शाळेची बस त्याच गेटावरून जायची. बाहेर काका उभे, हातात पाटी, थंडीनं नाक लाल झालेलं, आणि जाळीमागं तुमचा टाय. 'ते तुझे बाबा ना?' कुणीतरी मागून विचारलं. मी दप्तर उघडून त्यात तोंड घातलं. तुम्ही कुणाच्या जागेवर उभं राहून भट्टी चालवत होतात हे बसमधल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. त्यातल्या कुणाचा बाप बाहेर होता, कुणाचा मामा.

त्या वर्षी खंडेनवमीला काका हातमोजे घेऊन आले नाहीत. कुणालाही कळलं असतं, लहान मुलीला, मला, कळलं होतं. पण तुम्ही दसऱ्याला सकाळी अंघोळ केलीत, टाय लावलात, आणि काका गेटवर गेलेले असताना त्यांच्या अंगणात जाऊन स्वतःच्या हातानं पानं तोडून आणलीत. संध्याकाळी आई म्हणाली, 'अहो, या वर्षी राहू दे ना.' तुम्ही म्हणालात, 'कामाचं कामापाशी. शेजारधर्म वेगळा. सणाला मनात काही ठेवायचं नसतं.' आईच्या हातात श्रीखंडाचा वाडगा, माझ्या हातात ताट, आणि आपण तिघं त्यांच्या पोर्चवर. दार काकांनी उघडलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तुम्ही पानं पुढं केलीत आणि दरवर्षीसारखं इंग्रजीत म्हणालात, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. काका पानांकडं बघत राहिले. म्हणाले, 'ही माझ्या झाडाची आहेत.' आणि तुम्ही हसलात! 'हो हो, तुमचीच. दरवर्षी तुमचीच तर घेतो.' मला वाटलं पोर्च फाटावा आणि त्यानं मला पोटात घ्यावं. मग काकांनी अगदी हळू विचारलं, 'आणि भट्टीवर हातमोजे कुणाचे घालतोस? माझेच?' तुम्ही प्रामाणिकपणे, अगदी मन लावून उत्तर दिलंत, 'नाही नाही, कंपनीनं नवे दिलेत.' आतून काकू आल्या, आईकडं एकदा बघितलं, आणि दार लावून घेतलं. वाडगा आईच्या हातातच राहिला. पानं तुम्ही त्यांच्या पायपुसण्यावर नीट रचून ठेवलीत.

त्याच आठवड्यात काकांनी ते झाड बुडापासून तोडलं. तुम्ही खिडकीतून बघून म्हणालात, 'कीड लागली असेल.' अहो, कीड! एवढा शिकलेला माणूस. संप मोडला, काकांना परत घेतलं नाही, वसंतात त्यांच्या घरापुढं विक्रीची पाटी लागली आणि एक दिवस ट्रकमध्ये सामान भरून ते टेक्ससला कुठंतरी गेले. काकूंनी आईला दिलेली ती पँट कधी परत मागितली नाही. गल्लीतल्या बाया आईशी बोलेनाशा झाल्या. तिचं ड्रायव्हिंग सुटलं, कारण जायचं कुठं? दिवसभर ती टीव्ही लावून बसायची, आवाज बंद करून. मी मोठी झाल्यावर चिडले की ती म्हणायची, 'त्यांचा नाइलाज होता गं. परक्या देशात कुणाच्या जिवावर उड्या मारायच्या?' खोटं! तोवर तुम्ही इथले नागरिक झालेले होतात. ती शपथ घेताना तुम्ही रडलात, मी तुमचं बोट धरून शेजारी उभी होते. तुम्हाला कुणी विमानात बसवून परत पाठवणार नव्हतं. तुम्हाला नाइलाज नव्हता, हौस होती. साहेबानं पाठीवर हात ठेवावा एवढीच तुमची भूक, आणि त्या भुकेपायी तुम्ही काकांच्या पोटावर पाय आणलात.

आणि मला खरा संताप कशाचा येतो सांगू? तुम्ही रोज पाच वाजता घरी यायचात. शनिवारी मला लायब्ररीत न्यायचात. ते पाच वाजणं, तो शनिवार तुम्हाला त्या पुतळ्यानं दिला होता का हो? काकांच्या आजोबांसारख्या माणसांनी गेटवर डोकी फोडून घेतली, उपाशी राहिले, तेव्हा या देशात आठ तासांचा दिवस झाला, लहान पोरं भट्टीपासून लांब गेली, माणसाच्या डोक्यावर हेल्मेट आलं. 'कंपनीनं दिलं,' तुम्ही म्हणायचात. कंपनीनं काय दिलं ते पुढं बघितलंत ना? थोड्याच वर्षांत मिलला टाळं लागलं, पोलाद बाहेरून स्वस्तात यायला लागलं, आणि तुम्हाला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. तरी म्हणालात, कंपनीचा नाइलाज होता! आईचं घर विकायला गेले तेव्हा मी मिलच्या जागेवरून गाडी नेली. तिथं आता एक भलंमोठं गोदाम आहे, आणि आतली माणसं बारा तास खोकी भरतात. लायब्ररी तेवढी उभी आहे. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही ते पांढरं हेल्मेट मला भेट दिलंत, 'सांभाळ' म्हणून. सांभाळलंय. गराजमध्ये आहे, मी त्यात खुरपी ठेवते.

आत्ता इथवर लिहिलं आणि दारावरची बेल वाजली. माझ्या टीममधला इंजिनिअर आला होता, नागपूरचा, अजून ग्रीन कार्डच्या रांगेत असलेला. गाडीत बायको आणि तान्ही मुलगी, आत यायला तयार नाही, दारातच उभा. 'ताई, तुम्ही जाऊन राहिले का सोमवारी?' मी म्हटलं, नाही. हे मी पहिल्यांदा त्याच्यापाशीच बोलले, तोवर मलाही माहीत नव्हतं. त्याचं तोंड एवढंसं झालं. 'मला जावंच लागते ना ताई. फाइल अर्ध्यात अडकली आहे. नोकरी गेली तर दोन महिन्यांत गाशा गुंडाळा. पोरगी आत्ता कुठं महिन्याची झाली. काय करू, सांगा ना यार.' मला त्याचा राग नाही आला, बाबा. इतकी वर्षं आई ज्याला नाइलाज म्हणत होती तो खरा कसा दिसतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, 'तू जा. मान वर करून जा. तुला कुणी काही बोलणार नाही, मी असेन ना गेटवर.' तो वाकून पाया पडायला लागला, मी त्याला धरून उठवलं. तो गेल्यावर साहेबाला फोन केला. तो म्हणाला, 'मग सोमवारपासून तुझा बॅज चालणार नाही.' मी म्हटलं, चालेल. फोन ठेवल्यावर बरं वाटलं, तुमच्या नाकावर टिच्चून बरं वाटलं.

आज सोमवार. गेटवरून आत्ताच आलेय, शूज अजून पायात आहेत. सकाळी गेले तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. त्या लाइनवरच्या बाईनं मला बघितलं, स्वतःची कॉफी माझ्या हातात दिली आणि एक पाटी दिली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. या वयात, लाल पाटी धरून, तुमची मुलगी. मग एकेक करून मॅनेजर लोकांच्या गाड्या यायला लागल्या आणि लोक ओरडायला लागले, बोनेटवर हात आपटायला लागले. मी ओरडत नव्हते, नुसती उभी होते. तेवढ्यात त्या नागपूरच्या पोराची छोटी गाडी आली, मागं बाळाची रिकामी सीट. त्यानं गर्दीत मला शोधलं. मी दिसले तसा त्याचा चेहरा मोकळा झाला, आणि माझ्यापाशी येऊन त्यानं काच खाली केली. आतून मान वर करून बघितलं माझ्याकडं, मी सांगितलं होतं तसं. टाय लावला होता त्यानं, बाबा. आत मॅनेजर लोकांबरोबर उभं राहायचं म्हणून लावला असेल बिचाऱ्यानं.

मी खिडकीत वाकले आणि घसा फाटेपर्यंत ओरडले, 'लाज नाही वाटत? ज्यांनी परक्या मुलखात आपल्याला हाताला धरून उभं केलं, त्यांच्या पोटावर पाय आणून आत जाता? कीड म्हणे झाडाला! कीड तुम्हाला लागलीय, तुम्हाला!' आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, माझ्या भाषेतली घोषणा आहे. त्या बाईनं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या सगळ्या गेटवर मी काय बोलले हे कळणारा तो एकटाच होता. झाडाचं त्याला काय कळणार, बाकीचं सगळं कळलं. त्यानं हळूहळू काच वर केली आणि गाडी आत नेली.

हे पत्र कुठं पाठवायचं नव्हतंच. तुम्हाला म्हणायचं होतं ते मी त्या पोराला म्हणून आले. मघापासून त्याचा नंबर काढून बसलेय. फोन अजून लावलेला नाही.